ठकूबाईंचा एक शब्द दरबारी कापिला, त्याची बखर

श्री. बोलणाऱ्याचा बोल शाबूत राहो, ऐकणाऱ्याचे कान उघडे राहोत, आणि मधल्या मध्ये कातर चालविणाऱ्याचा हात थोडा तरी थरथरो, इतुके मागणे देवापाशी मागोन पुढील हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ज्येष्ठ मास, शाळा-कॉलेजे उघडावयाचा समय. त्या समयी एक राज्य होते, थोर होते, आणि त्या राज्याच्या दरबारास पडद्यांची फार आवड उत्पन्न जाहली होती. दवाखान्यात वैद्य नाही, तर पडदा पाठवावा. शाळेत मास्तर नाही, तर पडदा पाठवावा. आणि पडदा पोहोचला म्हणजे वैद्य पोहोचला, मास्तर पोहोचला, ऐसे समजोन दरबारी लोक सुखाने निजत. मग विद्याखात्याने मोठा मनसुबा केला, की राज्यातील सगळ्या मुलांस एकच पाठ, एकाच पडद्यावर, एकाच वेळी दाखवावा, आणि त्या कामासाठी इंटरनेटावर विद्यामहाल म्हणोन एक मोठे दालन उभारिले, आणि त्यात इतिहास, अर्थशास्त्र व पत्रकारिता हे तीन विषय आधी घेतले. गणितात दरबाराची निंदा कोणी करू शकत नाही, या तिहींत करू शकतात, म्हणोन यांचा बंदोबस्त प्रथम.

त्याच राज्यात तांबडी नदीच्या काठी कसबे तांबुळवेढे म्हणोन गाव, तेथे एक लहानसे ज्युनिअर कॉलेज, आणि त्यात वैजयंताबाई दळे या शिकवीत असत. मूळच्या त्या इतिहासाच्या. परंतु अर्थशास्त्राचे मास्तर निवृत्त होऊन गेले त्यांची जागा दरबाराने भरली नाही, आणि पत्रकारितेचा विषय नवा आला त्यास माणूसच दिले नाही, मग तिन्ही विषय बाईंच्या गळ्यात आले. बाईंनी आधी कुरकुर केली, आणि मग शिकवू लागल्या, आणि शिकविता शिकविता त्यांस गोडी लागली, की जे घडले तो इतिहास, त्यात कोणाचे गेले आणि कोणास मिळाले ते अर्थशास्त्र, आणि ज्याचे त्यास विचारोन ते नीट सांगणे ती पत्रकारिता. म्हणजे एकच गोष्ट तीन बाजूंनी पाहणे. पाठ्यपुस्तकात आपल्या मुलखाचे काही सापडेना, म्हणोन बाईंनी मुलांस संगे घेऊन आपले पाठ आपणच केले. मोबाइलवर चित्रण केले, नकाशे काढिले, प्रश्न रचिले, आणि सगळे इंटरनेटावर फुकट ठेविले, की कोणीही घ्यावे, कोणीही शिकवावे. नवरा म्हणे, "एवढं करून पगार वाढतो का?" बाई म्हणत, "नाही वाढत," आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसत.

त्या पाठांत एक पाठ विशेष होता, त्याचे नाव 'पाण्याखालचे करंजवळ'. कसब्याच्या वर तांबडी नदीवर पूर्वीच्या राजवटीत मोठे धरण जाहले, त्यात करंजवळ गाव बुडाले, आणि तेथील रयत माळावर आणोन टाकिली, त्या वस्तीस नवे करंजवळ म्हणतात. तेथल्या मोहिनी गुंजाळ नावाच्या विद्यार्थिनीची आजी ठकूबाई, गाव बुडाले तेव्हा नवी नवरी होती. बाई तिच्याकडे गेल्या तेव्हा आजीने आधी साफ नाही म्हटले. ती म्हणाली, "आमचं ऐकायला याआधी पण लोक आले. चहा पिऊन जातात, अन् छापतात भलतंच. म्या न्हाय बोलायची." तेव्हा बाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही बोलाल तेवढं सगळं ठेवीन. एक शब्द इकडचा तिकडं होऊ देणार नाही." आजीने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले, आणि मग म्हणाली, "तुझ्या शब्दावर बोलते बरं का," आणि बोलावयास बसली. आणि बोलली ते ऐसे, की "जमिनी आधी दिल्या असत्या, घरं उभी करून दिली असती, तर आम्ही आनंदानं गेलो असतो. धरण साऱ्यांच्या भल्याचं हाय, ते आम्हाला कळत नव्हतं व्हय? पण सांगितलं, पाणी पुढल्या साली येणार, अन् ते आलं त्याच साली. सासरे उंबऱ्यावर बसून राहिले, त्यांना पोलिसांनी दंडाला धरून उचललं. म्हशीचं दावं सोडायला मला मागं जाऊ दिलं न्हाय. होडीत बसले, अन् तिचं वरडणं पार लांबपर्यंत ऐकू येत व्हतं. मग न्हाय आलं ऐकू." इतके बोलोन ती उगी राहिली, आणि ते उगी राहणेही बाईंनी पाठात तैसेच ठेविले. पुढे अर्थशास्त्राच्या भागात धरणाचे पाणी कोणाच्या उसास गेले आणि कोणाच्या नळास आले नाही, हे मुलांनी नकाशावर रंगवोन दाखविले. आणि पत्रकारितेच्या भागात बाईंनी सांगितले, की बोललेला शब्द बोलणाऱ्याचा असतो, आपल्यापाशी तो फक्त ठेवायला दिलेला असतो.

तो पाठ गाजला. दूरदूरचे मास्तर तो दाखवू लागले, त्यांची पत्रे येऊ लागली, आणि मग बातमी दरबारी पावली. विद्याखात्याचे पत्र आले, त्यात बहुत स्तुती, आणि शेवटी विनंती, की हा पाठ विद्यामहालात घ्यावा, सगळ्या राज्यातील मुलांस दाखवावा, यास अनुमती असावी. प्राचार्य इनामके यांनी पेढे वाटिले. बाईंसही आनंद जाहला, तो का होऊ नये. करंजवळची हकीकत आता प्रत्येक शाळेत ऐकिली जाणार, ऐसे मनी येऊन त्यांनी त्याच दिवशी सही करोन दिली. ठकूबाईंस सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "साऱ्या राज्यात? मग बरं झालं. कुणाला तरी लाज वाटंल."

मग क्रोधी संवत्सरी विद्यामहाल उघडला. वाजंत्री वाजली, भाषणे जाहली, वर्गावर्गांत पडदे टांगिले, आणि हुकूम सुटला, की यापुढे मास्तरांनी पडद्यावरचे दाखवावे, वर आपले काही घालू नये. आषाढात 'पाण्याखालचे करंजवळ' या पाठाची पाळी आली. बाईंनी पडदा लाविला आणि हौसेने बाजूस उभ्या राहिल्या. पाहतात तो पाठाचे नाव 'धरण : विकासाची गाथा' ऐसे जाहले, नकाशावरचे रंग गेले, त्यांच्या जागी वर चढणाऱ्या हिरव्या पट्ट्या आल्या, आणि पाठीमागे बासरी वाजू लागली. आणि मग ठकूबाई पडद्यावर आली, तेच लुगडे, तोच ओटा, आणि हसऱ्या बासरीत बोलली, "आम्ही आनंदानं गेलो. धरण साऱ्यांच्या भल्याचं हाय." इतकेच, आणि गेली. जमिनीचे वाक्य नाही, पोलीस नाहीत, म्हैस नाही. आणि 'गेलो असतो' यातला 'असतो' एवढा एक शब्द कापिला, तो इतका सफाईने कापिला की सांधाही दिसेना. शेवटी पत्रकारितेचा भाग म्हणोन 'उत्साहवर्धक बातमी कशी लिहावी' ऐसा नवाच मजकूर आला, आणि खाली निर्मितीत कोणाचेही नाव नाही, फक्त विद्यामहाल.

 मोहिनी दुसऱ्या बाकावर बसली होती, ती हळूच म्हणाली, "मॅडम, आजी असं नव्हती बोलली." बाईंनी पुन्हा लाविले, पुन्हा तेच.  मग त्या म्हणाल्या, "नव्हती बोलली. मी तिथे होते, तूही होतीस." आणि पडदा बंद केला, आणि उरलेला तास त्यांनी पडद्यावाचून, करंजवळ कसे बुडाले ते तोंडाने सांगितले. हे दुसऱ्या दिवशी इनामक्यांच्या कानी गेले, तेव्हा ते केबिनमध्ये बोलावोन म्हणाले, "बाई, मला तुमचं म्हणणं पटतं. पण हुकूम लेखी आहे आणि तुमचं म्हणणं तोंडी आहे." बाई म्हणाल्या, "ठकूबाईंचंही तोंडीच होतं, सर. म्हणून तर कापता आलं."

नव्या करंजवळात तर हाहाकार उडाला. त्या वस्तीची मुले तालुक्याच्या शाळाशाळांत, त्यांनी घरी येऊन सांगितले, की तुमची ठकूआजी म्हणते आपण आनंदाने आलो. सखाराम थोरवे म्हणोन तेथील म्हातारे, जमिनीच्या हक्कासाठी सगळी हयात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजविलेले, त्यांनी पारावर बसोन सांगितले, "ठकूनं जीभ विकली. आता दरबाराला आमच्या अर्जाचं उत्तर द्यायला नको, हिचाच व्हिडिओ दाखवायचा." तेव्हापासोन नळावर ठकूबाई आली की बायका हंडे उचलोन बाजूस होत. तिच्या दारी ताक मागावयास कोणी येईना. एके सकाळी मोहिनीने आजीस मोबाइलवर तो पाठ दाखविला, कारण आजी म्हणाली मला बघू दे माझं तोंड काय बोलतंय ते. तिने पाहिला, पुन्हा लावावयास सांगितला, आणि मग पदर डोक्यावर घेऊन माळ तुडवीत कॉलेजात आली. बाई फळ्यापाशी होत्या. ठकूबाई दारात उभी राहोन म्हणाली, "मास्तरीणबाई, आवाज माझा हाय. तोंड माझं हाय. बोलतंय कोण?" बाईंनी हातातला खडू खाली ठेविला. मग ती म्हणाली, "त्या पोलिसांनी गाव घेतलं, पण मला तवा वरडू तरी दिलं. तुम्ही लोकांनी माझ्याच तोंडानं मला गप केलं." आणि निघोन गेली. 'तुम्ही लोकांनी' यात आपणही धरिले गेलो, हे बाईंच्या जिव्हारी लागले, आणि अन्न गोड लागेना.

मग बाईंनी रजा टाकिली आणि राजधानीस गेल्या. विद्यामहालाची कचेरी काचेची, आत कारंजे, आणि कारंज्याजवळ बसावयास सांगोन दुपार टळू दिली. मग मुख्य कारभारी श्रीनिवासराव टिळवे यांनी आत बोलाविले. गृहस्थ शांत, केस पांढरे, बोलणे गोड. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा पाठ आमच्याकडे सगळ्यांत जास्त पाहिला जातो." बाई म्हणाल्या, "तो माझा पाठ नाही. माझ्या पाठात ठकूबाई वेगळं बोलतात." टिळवे म्हणाले, "आम्ही पदरचा एक शब्द घातलेला नाही. जे आहेत ते त्यांचेच शब्द आहेत." बाई म्हणाल्या, "घातला नाही, काढला." तेव्हा ते म्हणाले, "वेळेत बसवावं लागतं. हल्लीची मुलं लांबलचक पाहत नाहीत." बाई म्हणाल्या, "साहेब, 'असतो' म्हणायला किती वेळ लागतो?" टिळवे चहात चमचा फिरवीत राहिले, आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "वरून सूचना होती, पाठ निराशाजनक नसावेत." बाईंनी विचारिले, वरून म्हणजे कोठून, ते म्हणाले, "वरून म्हणजे वरूनच." आणि मग खुर्चीत पुढे सरोन म्हणाले, की यंदा उत्तम पाठाचा मान दरबार तुम्हास देणार, शाल मिळेल, सोहळा सगळ्या शाळांत दिसेल, तुमचे नावही पाठावर घालू. बाई उठोन उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "आता नाव घालू नका. ज्यानं कापलं त्याचं घाला." टिळवे म्हणाले, "मॅडम, तुम्ही सही करून दिलीये. पाठ आता दरबाराचा आहे." बाई म्हणाल्या, "पाठ घ्या. ती बाई मी तुम्हाला दिलेली नाही, ती माझी नव्हतीच द्यायला." आणि चहा तैसाच ठेवोन बाहेर आल्या.

गावी येऊन बाईंनी, विद्यामहालास देतेवेळी उतरविलेल्या, आपल्या मूळ पाठाची प्रत पुन्हा आपल्या जागी इंटरनेटावर चढविली, आणि वर लिहिले, हा पाठ पुरता पाहावा. लोक पाहू लागले. तोच एके सकाळी पाहतात तो पाठ नाहीसा, आणि त्या जागी पाटी, की हा मजकूर विद्यामहालाच्या मालकीचा असोन आपण तो विनापरवाना घेतला, सबब काढिला आहे, पुन्हा ऐसे केल्यास आपले खाते बंद होईल. ऐसा त्या राज्याचा न्याय, की ज्याने कापिले तो मालक ठरला आणि जिने केले ती चोर ठरली. बाईंनी अर्ज लिहिले, त्यांस उत्तर आले की आपला अर्ज महत्त्वाचा आहे. वर्तमानपत्रात गेल्या, संपादक भला माणूस, त्याने सगळे ऐकिले, आणि म्हणाला, "बातमी खरी आहे, पण विद्यामहालाची जाहिरात पहिल्या पानावर आहे." पत्रकारिता शिकविणाऱ्या बाईंनी तो धडाही घेतला आणि घरी आल्या.

ऐसे करता माघ उजाडला आणि बारावीच्या परीक्षा जवळ आल्या. दरबाराने आधीच कळविले होते, की प्रश्न विद्यामहालातल्या पाठांवरोनच येतील. मोहिनीस शहरी शिकावयास जायचे होते, मार्कांवाचोन तिला दुसरा रस्ता नव्हता. ती बाईंस म्हणाली, "मॅडम, करंजवळचा प्रश्न आला तर काय लिहू?" बाई म्हणाल्या, "खोटं लिही असं मी तुला सांगू शकत नाही, मोहिनी. आणि खरं लिहून मार्क घालव, असंही कोणत्या तोंडानं सांगू?" इतकी वर्षे शिकवोन मुलीस एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याची त्यांस आपलीच लाज वाटली. आणि प्रश्न आलाच. छापिला होता तो ऐसा : करंजवळच्या ग्रामस्थांनी आनंदाने गाव सोडले. कारणे लिहा. मोहिनीने लिहिले, की कारणे नाहीत, कारण ऐसे घडलेच नाही. आणि मग आजीने सांगितलेले सगळे, पोलीस, उंबरा, म्हैस, पान भरोन लिहिले. परीक्षेहोन बाहेर येऊन तिने बाईंस सांगितले तेव्हा बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेविला.

फाल्गुनात पेपर तपासणाऱ्यांची बैठक जिल्ह्याच्या गावी भरली. वैजयंताबाई परीक्षक होत्या, त्याही गेल्या. मोठा हॉल, लांबलांबचे मास्तर, आणि मुख्य परीक्षकाने आदर्श उत्तरे वाचावयास घेतली, की रोजगार, वीज, सिंचन, राष्ट्रप्रेम ही कारणे लिहिणाऱ्यास पुरे मार्क, अन्य काही लिहिणाऱ्यास शून्य. तेव्हा बाई उठल्या आणि म्हणाल्या, "यातली बाई जे बोलली ते मी ऐकवते," आणि मुख्य परीक्षक नको नको म्हणत असता त्यांनी मोबाइल माइकापाशी धरोन मूळचा आवाज लाविला. हॉलभर ठकूबाई बोलली. आनंदानं गेलो असतो, येथे काहीजणांनी माना वर केल्या. म्हशीपाशी आली आणि उगी राहिली, तेव्हा सगळा हॉल तिच्याबरोबर उगी राहिला. मग मागल्या ओळीतील डोंगरे म्हणोन एक मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "मी वर्षभर हा पाठ शिकवला. मुलांकडून कारणं घोकून घेतली." आणखीही काही म्हणावयाचे होते, परंतु ते खाली बसले, आणि पेनास टोपण लाविले. त्यांचे पाहोन आणखी काहींनी पेने खाली ठेविली. बाकीच्यांनी खाली पाहोन तपासावयास घेतले. त्यांसही घरे होती, कर्जे होती, बदलीचे भय होते. बाईंनी त्यांस बोल लाविला नाही. परंतु राग गेला नाही, तो त्यांच्यावर नव्हता.

दरबार मात्र तत्पर. आठवडा सरण्याआधी हुकूम आला, की गोपनीय बैठकीत अनधिकृत आवाज वाजविला, सबब वैजयंताबाई दळे निलंबित, चौकशी होईतो वर्गात पाऊल ठेवू नये. आणि दुसरा हुकूम निघाला, की तांत्रिक कारणास्तव सदरहू प्रश्न रद्द, सगळ्यांस त्याचे पुरे मार्क द्यावे. म्हणजे ज्याने खोटे लिहिले त्यास जितके, ज्याने खरे लिहिले त्यासही तितकेच, आणि ज्याने कोरे पान दिले त्यासही तितकेच. चूक जाहली ऐसे कोठेही लिहिले नाही. मोहिनी हे सांगावयास बाईंच्या घरी आली ती रडत नव्हती, चिडली होती. ती म्हणाली, "मार्क मिळाले, मॅडम. पण ते कुणी वाचलंच नाही. शून्य दिलं असतं तर निदान वाचून दिलं असतं." आणि मग जाता जाता दारात थांबली आणि म्हणाली, "आजी एक म्हणत होती. बोलू का?" बाई म्हणाल्या, बोल. "आजी म्हणते, बाई राजधानीला जाऊन आल्या, पेपरात जाऊन आल्या, जिल्ह्याला जाऊन आल्या. आमच्या आळीत तेवढ्या नाही आल्या."

बाईंनी हे ऐकिले, आणि ते खरे होते. दरबाराशी भांडण्याचे बळ त्यांस होते, परंतु नव्या करंजवळात जाऊन सखाराम थोरव्यांच्या डोळ्यांस डोळा देण्याचे बळ होत नव्हते, म्हणोन त्या इतका काळ मोठमोठ्या दारांवर धडका देत राहिल्या आणि लहान दार टाळीत राहिल्या. मग दुसऱ्या दिवशी उन्हे कलल्यावर त्या माळावर गेल्या. समाजमंदिरात लोक जमविले. ठकूबाईही आली, आणि भिंतीपाशी एकटीच बसली, तिच्या शेजारची जागा मोकळीच राहिली. बाई उभ्या राहोन म्हणाल्या, "कापलं दरबारानं. पण ठकूबाई दरबाराला बोलल्या नव्हत्या, मला बोलल्या होत्या. एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही असं मी म्हणाले होते, आणि न वाचता सही करून दिली. त्यांनी काही विकलं नाही. जे गेलं ते माझ्या हातून गेलं." आणि मग मूळचा आवाज लाविला, पुरता, आरंभापासोन.

लोक ऐकत राहिले. जमिनी आधी दिल्या असत्या, येथे एक बाई म्हणाली, "असंच झालं व्हतं." उंबरा आला, पोलीस आले, होडी आली. म्हशीचे वरडणे आले आणि थांबले. तेव्हा सखाराम थोरवे, जे दारापाशी पाठ फिरवोन बसले होते, ते मान न वळविता म्हणाले, "आमची होडी तुमच्या मागं व्हती, ठकू. म्या पण ऐकलं तिला." ठकूबाई म्हणाली, "मग इतके महिने तोंड का फिरवलंस?"  मग सखाराम काठी टेकीत उठले, पुढे आले, आणि बाईंस म्हणाले, "माझं पण घ्या. पण कापायचं न्हाय." तेव्हा बाईंच्या ओठांवर आधीचेच वचन आले होते, ते त्यांनी गिळिले. त्या म्हणाल्या, "मी नाही कापणार. दुसऱ्या कोणी कापलं, तर इथं येऊन तुम्हाला आधी सांगेन. एवढंच माझ्या हातात आहे." सखारामांनी विचार केला आणि म्हणाले, "तेवढं पुष्कळ झालं." मग बसावयास जागा पाहू लागले. ठकूबाईने पदर आवरिला, शेजारची मोकळी जागा हाताने झाडली, आणि म्हणाली, "हितं बस. अन् मोठ्यानं बोल, लाजू नकोस."

येणेप्रमाणे जे घडले ते लिहिले. विद्यामहाल चालू आहे. बभ्रा फार जाहला म्हणोन दरबाराने ठकूबाईंस पाठातोन काढिले, आणि तिच्या जागी भाड्याची एक बाई कोरे लुगडे नेसवोन बसविली. ती तेच वाक्य सफाईने बोलते, आणि मुले ते लिहोन घेतात. टिळव्यांस बढती मिळाली. वैजयंताबाईंची चौकशी अद्याप सुरू जाहली नाही, संपावयाची गोष्ट दूर. त्या माळावर जातात, आणि वस्तीतील एकेक म्हातारे माणूस आपले सांगते. याचा जाब दरबारास कोणी विचारिला नाही, तो विचारावयाचा आहे. ज्याने ही हकीकत ऐकिली त्याने दुसऱ्यास सांगावी, आणि सांगितली तर सगळी सांगावी.